इन्क्युबेटरमधली एलईडी: एमएस्सीच्या प्रकल्पाचं एक वर्ष

नव्या शैक्षणिक धोरणात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आहे. तिसऱ्या सत्रात ४ क्रेडिट, चौथ्यात ६. माझा प्रकल्प जुलै २०२४ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तोंडी परीक्षेने संपला. विषय: तापमान बदललं की ५ मिलिमीटरच्या छोट्या इन्फ्रारेड एलईडींचं काय होतं. कॉलेज अंबाजोगाईतलं, विद्यार्थी मोजके, आणि भौतिकशास्त्राच्या विभागात तापमान धरून ठेवणारं एकही कपाट नाही. सुरुवातीला कोणाला विचारावं हेच कळत नव्हतं. पुढच्या बॅचला तेवढं तरी सोपं जावं म्हणून क्रमाने लिहिते.

आमच्याकडे प्रकल्प म्हटलं की थिन फिल्म, नाहीतर नॅनोकण. नमुने बाहेर पाठवायचे, पैसे भरायचे आणि आलेख येईपर्यंत देवाचं नाव घेत बसायचं. मला ज्याचं मोजमाप स्वतःच्या हाताने करता येईल असं काहीतरी हवं होतं. लातूरला माझ्या मावसभावाची डाळमिल आहे. तिथे पट्ट्यावरून जाणारी पोती मोजायला एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि समोर फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे प्रकाश पडला की प्रवाह सोडणारा भाग, लावलाय. पोतं मधून गेलं की प्रकाश अडतो आणि आकडा एकने वाढतो. एप्रिल-मेच्या दुपारी हा आकडा हमखास चुकायचा. मेकॅनिक यायचा, एलईडी बदलायचा, संध्याकाळी सगळं सुरळीत. भाऊ म्हणायचा, "उन्हात एलईडी जळायल्यात." मला शंका अशी होती की संध्याकाळी ती जुनी एलईडीसुद्धा चालली असती. श्रेय मात्र नव्या एलईडीला मिळत होतं.

ऑगस्टमध्ये समितीपुढे रूपरेषा मांडली. पहिलाच प्रश्न आला, "यात नवीन काय?" मी सोबत डेटाशीटची, म्हणजे कंपनी एलईडीबद्दल देते त्या माहितीपत्रकाची, छापील पानं नेली होती, ती कामाला आली. त्यातले जवळजवळ सगळे आकडे २५ अंश सेल्सिअसला दिलेले असतात. मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतच ४२ असतं, पत्र्याच्या शेडखालच्या डब्यात त्याहून कितीतरी जास्त. २५ अंशांचा आकडा आणि आपली दुपार यांत किती फरक पडतो, हे बाजारात मिळणाऱ्या एलईडीवर मोजायचं, एवढंच माझं म्हणणं होतं. समितीने ते मान्य केलं, फक्त उद्दिष्टं मोजता येतील अशा शब्दांत पुन्हा लिहायला लावली. ती सूचना चांगली होती. "परिणामाचा अभ्यास करणे" असं लिहू नका. "१० ते ६० अंशांत प्रकाश किती टक्के बदलतो ते मोजणे" असं लिहा. मग शेवटी काम झालं की नाही हे सांगायला वाद घालावा लागत नाही.

सामान लातूरहून आणलं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास परवडला. दुकानदार सगळ्या निळसर एलईडींना "रिमोटची एलईडी" म्हणतो. कंपनी विचारली तर पाकीट उलटून दाखवतो, त्यावर काहीच नसतं. एक नग चार-पाच रुपयांना. मी ९४० आणि ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अशा दोन्ही घेतल्या, प्रत्येक प्रकारच्या एकाच पाकिटातल्या. शिवाय डेटाशीट असलेली विशे कंपनीची टीएसएएल ६२०० ऑनलाइन मागवली, म्हणजे आपले आकडे कशाशी तरी ताडून बघता येतात. प्रकाश मोजायला बीपीडब्ल्यू ३४ हा सिलिकॉन फोटोडायोड, त्याचा प्रवाह व्होल्टमध्ये बदलायला एलएम ३५८, तापमानासाठी एलएम ३५, आणि एलईडीला ठरावीक प्रवाह देण्यासाठी एलएम ३१७. मल्टिमीटर सोडून सगळं दीड हजाराच्या आत बसलं. एलएम ३१७ ला ६२ ओहमचा रोध लावला की १.२५ भागिले ६२, म्हणजे साधारण २० मिलिअँपिअर मिळतात. हे सर्किट गरम कपाटाच्या बाहेरच ठेवा, नाहीतर एलईडीचा बदल कोणता आणि सर्किटचा कोणता हे कधीच सुटं होणार नाही.

आता कपाट. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात जुना इन्क्युबेटर आहे, म्हणजे जिवाणू वाढवायला ठरावीक तापमान धरून ठेवणारं कपाट, साठ अंशांपर्यंत जाणारं. त्याला आतून काचेचं दार आहे, हे माझ्यासाठी सोन्याहून पिवळं. एलईडी आत, काचेला तोंड करून. फोटोडायोड बाहेर, खोलीच्या तापमानाला. ९४० नॅनोमीटरचा प्रकाश साध्या काचेतून नीट येतो.

पण इन्क्युबेटर दुसऱ्या विभागाचा. अर्ज आमच्या विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांकडे, तिथून आवक क्रमांक पडून सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमकडे, त्यांचा शेरा घेऊन परत प्राचार्यांकडे. मध्ये ७ सप्टेंबरला गणपती बसले आणि फाइल जिथल्या तिथे राहिली. तीनेक आठवडे गेले. मॅडमची काळजी रास्त होती: आत काही सांडलं, वास लागला, तर त्यांच्या जिवाणूंच्या प्लेटी वाया. शेवटी मी अर्जाला एक पान जोडलं. कमाल तापमान किती, किती तास, आत ठेवायच्या वस्तूंची यादी, एकूण वीज एक वॅटहून कमी, आणि "कोणतेही रसायन वा सजीव नमुना ठेवला जाणार नाही" हे वाक्य. त्या वाक्यावर सही झाली. अटी: त्यांची प्रात्यक्षिकं संपल्यावर, दुपारी तीननंतर, काम झालं की स्पिरिटने पुसायचं, वहीत वेळ लिहून सही करायची. कोणाचं उपकरण मागायचं असेल तर हे पान पहिल्या दिवशीच जोडा.

तिथल्या प्रयोगशाळेचे मामा पहिले काही दिवस लांबून बघत होते. मग न राहवून त्यांनी विचारलंच, "ताई, ह्या पेटीत काय शिजायलंय? काहीच दिसंना." मी त्यांना मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दाखवलं, डोळ्यांना न दिसणारी एलईडी पडद्यावर जांभळट चमकत होती. त्या दिवसापासून तीन वाजायच्या आधी कपाट रिकामं करून मिळायला लागलं. एलईडी चालू आहे का हे बघायची हीच सोपी पद्धत. मोबाइलचा पुढचा कॅमेरा सहसा जास्त स्पष्ट दाखवतो. डोळा मात्र अगदी जवळ नेऊन एलईडीत रोखून बघू नका. दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही.

ऑक्टोबरचा पूर्वार्ध आकडे न जुळण्यात गेला. त्याच तापमानाला, त्याच एलईडीचा आकडा साडेतीनला वेगळा, पाचला वेगळा. रात्री झोप लागेना. वाटायला लागलं की विषय बदलावा लागतो की काय. खोलीला पश्चिमेची खिडकी आहे. दुपारचं ऊन आत येतं आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. दोन गोष्टींनी हे सुटलं. एक, प्रत्येक वेळी एलईडी बंद करून एक आकडा घ्यायचा, चालू करून दुसरा, आणि वजाबाकी करायची. दोन, फोटोडायोडभोवती आडोसा. आडोशासाठी आणलेलं काळं प्लास्टिक डोळ्यांना ठार काळं होतं, पण कॅमेऱ्यासमोर धरून मागे रिमोट दाबला तर प्रकाश आरपार. टीव्हीच्या पुढची काळी खिडकी अशाच प्लास्टिकची असते. म्हणून काळं दिसतं त्यावर भरवसा नको, रिमोटने तपासून घ्या. मी शेवटी स्वयंपाकाची ॲल्युमिनियमची फॉइल पुठ्ठ्यावर गुंडाळून वापरली.

एलईडी धरायला लाकडी ठोकळा घ्या. ग्लू-गनचा गोंद साठ अंशांवर मऊ पडतो, आणि अरुंद कोनाची एलईडी एखाद-दोन अंशांनी जरी कलली तरी प्रकाश घटल्यासारखा दिसतो. बाहेरचं दार उघडं ठेवावं लागत असल्यामुळे इन्क्युबेटर साठ गाठताना धापा टाकतो; काचेवर थर्माकोल लावून फक्त फोटोडायोडपुरतं भोक ठेवलं की चढतो. प्रत्येक तापमानाला अर्धा तास थांबायचं. त्या अर्ध्या तासात मी लायब्ररीची पुस्तकं वाचली, निम्म्या वेळा डुलक्या काढल्या. दुपारी वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. परळीचं औष्णिक केंद्र इथून हाकेच्या अंतरावर, पण दिव्याखाली अंधार.

एलईडी स्वतःच थर्मामीटर असते, हे मला प्रत्यक्ष मोजताना पटलं आणि या प्रकल्पातला हा भाग मला सगळ्यात आवडला. प्रवाह २० मिलिअँपिअरवर कायम ठेवला तर तिच्या दोन पायांमधलं व्होल्टेज तापमानाबरोबर सरळ रेषेत उतरतं. माझ्या नगांमध्ये २५ अंशांना १.२१ व्होल्ट, ६० ला १.१५. म्हणजे दर अंशाला पावणेदोन मिलिव्होल्टच्या आसपास. साध्या मल्टिमीटरच्या २ व्होल्टच्या रेंजवर एक मिलिव्होल्ट दिसतो, तेवढं पुरतं. एलएम ३५ हवेचं तापमान सांगतो. हे व्होल्टेज आतल्या चिपचं सांगतं. दोन्हींत फरक असतो. २० मिलिअँपिअरला एलईडी साधारण २४ मिलिवॅट वीज खाते. टीएसएएल ६२०० च्या डेटाशीटप्रमाणे दर वॅटला २३० अंश वाढ धरली, तर चिप हवेपेक्षा पाच-साडेपाच अंश गरम. १०० मिलिअँपिअरला व्होल्टेज १.३५, वीज १३५ मिलिवॅट, आणि चिप हवेपेक्षा तब्बल ३१ अंश वर! बाहेर ४५ असेल तर आत ७६. हे डोळ्यांसमोर दिसतंसुद्धा. १०० मिलिअँपिअरवर एलईडी लावल्याबरोबर प्रकाशाचा आकडा उंच असतो आणि थोड्याच वेळात उतरत जाऊन एका ठिकाणी स्थिरावतो. तो स्थिरावल्याशिवाय वहीत लिहू नका. रिमोटमध्ये मोठा प्रवाह चालून जातो, कारण तिथे तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोट्या तुकड्यांनी दिला जातो आणि सरासरी गरमी कमी राहते.

प्रकाशाचं म्हणाल तर २५ अंशांचा आकडा १०० धरला की ९४० नॅनोमीटरच्या एलईडी ४० ला ९१ च्या आसपास आणि ६० ला ७९ च्या आसपास आल्या. दर अंशाला साधारण ०.६ टक्के घट. डेटाशीटमध्येही हाच आकडा आहे. बिनानावाच्या पाकिटातल्या एलईडीही फार वेगळ्या निघाल्या नाहीत, याचं मला नवल वाटलं. ८५० वाल्या कमी उतरल्या, ६० ला ८६-८७.

मग मी तापमान उतरवत परत २५ ला आले. आकडा १०० च्या जवळ परत आला. मावसभावाच्या प्रश्नाचं उत्तर याच ओळीत होतं: उन्हाने एलईडी जळलेली नाही, ती मंद झाली आहे, आणि गार झाली की पूर्ववत होते. चढतानाचे आकडे घेऊन थांबू नका, उतरतानाचेही घ्या. परत न येणारी घट असेल तर ती बिघाडाची किंवा ठोकळा हलल्याची.

असं का होतं, हे तोंडी परीक्षेला विचारतातच. या एलईडींच्या चिपमधल्या गॅलियम आर्सेनाइडची ऊर्जाफट, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा, खोलीच्या तापमानाला १.४२ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. तापमान वाढलं की ती थोडी आखडते, त्यामुळे व्होल्टेज उतरायला हातभार लागतो आणि प्रकाशाची तरंगलांबीही दर अंशाला ०.२ नॅनोमीटरच्या आसपास वर सरकते. आणि गरम स्फटिकात इलेक्ट्रॉन व पोकळ्या (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) प्रकाश न देता, नुसती उष्णता देऊन एकत्र येण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून प्रकाश घटतो. तरंगलांबी मोजायला आमच्याकडे स्पेक्ट्रोमीटर नव्हता. अहवालात तो आकडा डेटाशीटचा म्हणून स्पष्ट लिहिला. समितीला त्याबद्दल काहीच आक्षेप नव्हता.

नोव्हेंबर वाया गेला. आधी दिवाळीच्या सुट्ट्या, मग २० तारखेला विधानसभेचं मतदान आणि माझे मार्गदर्शक सर निवडणूक ड्युटीवर, प्रशिक्षणं धरून. तिसऱ्या सत्राचं सादरीकरण डिसेंबरात ढकललं गेलं. सहीची कागदं असतील ती दिवाळीच्या आधीच करून घ्या, एवढंच सांगते.

थंड बाजूची मोजणी जानेवारीत केली. आपलं अंबाजोगाई बालाघाटच्या डोंगरावर, पहाटे चांगलीच थंडी असते. थर्माकोलच्या डब्यात बर्फ, त्यात एलईडी, समोरच्या भोकाला काचपट्टी. दहा अंशांना प्रकाश वाढायला हवा, तर उलट घटला! काचपट्टीवर आणि एलईडीच्या भिंगावर दव जमलं होतं. बुटांच्या खोक्यात येतात तशा सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाकल्या आणि बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, तेव्हा आकडा १०९ वर गेला.

एप्रिलच्या शेवटी लातूरला मिलमध्ये गेले. पत्र्याखाली लावलेल्या सेन्सरच्या डब्यात दुपारी दोनला ५८ अंश. किती प्रकाश कमी झाला की पोतं धरायचं हे ठरवणारा मोजयंत्राचा स्क्रू भावाने जानेवारीत पहाटेच्या पाळीला, अगदी काठावर बसवला होता. तेव्हापासून प्रकाश पाव हिश्शाहून जास्त घटलेला. त्यात भिंगावर डाळीचा भुसा. आणि समोरचा फोटोट्रान्झिस्टर तापला की अंधारातही थोडा प्रवाह सोडतो. सिलिकॉनमध्ये हा अंधाराचा प्रवाह दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे उजेडाचा आकडा खाली आणि अंधाराचा वर, दोघांतलं अंतरच उरत नाही. एलईडी बदलली नाही. भिंग पुसलं, डबा पत्र्यापासून हातभर खाली घेतला, आणि स्क्रू दुपारी दोन वाजता बसवला. भाऊ म्हणाला, "एवढ्यासाठी वर्षभर कॉलेजात बसलीस व्हय?" मी हो म्हटलं.

अहवाल लिहायला मे पुरला. साहित्यचोरी तपासणीत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार चालतं. माझं पहिल्यांदा जास्त आलं, कारण कॉलेजचा ठरावीक प्रतिज्ञापत्राचा मजकूर आणि संदर्भयादीही मोजली गेली होती. ती वगळून तपासायला सांगता येतं. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. काळं बाइंडिंग आणि सोनेरी अक्षरं, प्रत २५० रुपये, चार प्रती. बाइंडिंगवाल्याकडे त्या आठवड्यात सगळा तालुका असतो, पाच-सहा दिवस हाताशी ठेवा.

जूनमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी आलेख बघितले आणि एकच प्रश्न लावून धरला: "ठरावीक प्रवाह दिला म्हणून हे झालं. रोध लावून ठरावीक व्होल्टेज दिलं असतं तर?" हात थरथरत होते, पण हे गणित मी करून ठेवलं होतं. ५ व्होल्ट आणि १८० ओहम घेतले तर एलईडीचं व्होल्टेज १.२० वरून १.१२ ला आलं तरी प्रवाह २१.१ चा २१.६ मिलिअँपिअर होतो, जेमतेम दोन टक्के. प्रकाशाची घट भरून निघत नाही. १.५ व्होल्टचा सेल आणि १५ ओहम घेतले तर तोच प्रवाह २० वरून २५ च्या वर जातो, आणि घट जवळपास भरून निघते. मग सगळे तसंच का करत नाहीत, असं त्यांनी विचारलं. कारण सेल थोडा उतरला की प्रवाह कोसळतो, आणि थंडीत तर तो आणखीच घटतो. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलवायला सांगितलं.

त्यानंतर फक्त ना-देय प्रमाणपत्र. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, कार्यालय अशा सह्या, आणि माझ्या बाबतीत एक जास्तीची, सूक्ष्मजीवशास्त्राची. मॅडमनी इन्क्युबेटरची वही उघडून प्रत्येक नोंदीसमोर माझी सही आहे का ते बघितलं आणि मगच पेन उचललं. लाकडी ठोकळा, फॉइलचा आडोसा आणि उरलेल्या एलईडी आमच्या विभागाच्या कपाटात ठेवल्या आहेत, कोणालाही वापरता येतील. इन्क्युबेटरचा अर्ज मात्र नव्याने करावा लागेल. माझ्या अर्जाची प्रत त्याच पाकिटात आहे. जोडपत्रासकट तशीच उतरवून घ्या, तारीख तेवढी बदला, आणि गणपतीच्या आधी द्या.